पुण्याच्या टेकड्यांवर गाइडसोबत माउंटन बायकिंग: पहिल्या राइडची सविस्तर तयारी

कोथरूड, पाषाण, औंध किंवा सेनापती बापट रस्त्याला राहणारा माणूस घरातून निघून अर्ध्या तासात डोंगरवाटेला लागू शकतो. मोठ्या शहरात राहून हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. मधला चढ दमवतो, पण वर पोचलं की सपाटी, जुनी दगडखाण, ग्लिरिसिडियाची झाडी आणि चहूबाजूंना फुटलेल्या पायवाटा. त्याखेरीज तळजाई-पाचगाव, वारजे, बावधन-सूसची टेकाडं, कात्रजची रांग, बोपदेव घाटावरचे माळ, तळेगावच्या वाटेवरचा घोरावडेश्वर आणि पलीकडे मुळशी. इतकं सगळं दाराशी असूनही पुण्यात डांबरी रस्त्यावर सायकल चालवणारे भरपूर आणि मातीत घालणारे थोडे. पहिल्यांदा हात धरून नेणारं कुणी नसतं, हेच याचं कारण मला दिसतं.

ज्यांना सायकल येते, सिंहगड घाटाइतका दम आहे किंवा कमवायची तयारी आहे, पण दगडमातीच्या वाटेवर कधी उतरला नाहीत आणि आता पैसे मोजून गाइडसोबत जायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गाइड नेमका कशासाठी

पुण्याच्या टेकड्या बेसाल्टच्या. हा काळा दगड उन्हापावसात कुजून त्याचा मुरूम होतो. वाटेची जमीन तापून कडक झालेली असते आणि तिच्यावर हे खडे मोकळे पडलेले असतात, फरशीवर हरभरे सांडावेत तसे. चालणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. सायकलचं पुढचं चाक मात्र वळणावर त्या खड्यांवर आलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला, की चाक बाजूला निघून जातं. वर्षानुवर्षं रस्त्यावर सायकल चालवलेला, दमदार माणूस इथे पडतो, कारण डांबरावर ही सवय लागलेलीच नसते.

चांगला गाइड तुम्हाला जमीन वाचायला शिकवतो. वाटेचा कोणता पट्टा पावलांनी चोपला गेलाय, कुठे खडे साचलेत, कुठे झाडाचं मूळ तिरकं आलंय, कुठला धोंडा जमिनीत पक्का आहे आणि कुठला डुगडुगतो, हे त्याला लांबूनच दिसतं. आपण पैसे देतो ते मुख्यतः या नजरेचे. वाट दाखवणं हा त्यातला छोटा भाग.

तोही भाग तितका सोपा नाही. मोबाइलच्या नकाशावर पायवाटेची रेघ दिसते, पण गेल्या पावसाळ्यात ओढ्याने तिथे गुडघाभर चर पाडलाय हे दिसत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी, आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला लष्कराची. लष्करी हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे, तिथे "वाट चुकलो" चालत नाही. कुठे सायकल चालते, कुठे फक्त पायी, कुठल्या फाटकातून कोणत्या वेळेत, हे रोज जाणाऱ्या माणसाला ठाऊक असतं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्या राइडसाठी दुसरा काळ मी सुचवणार नाही. दिवाळीनंतर गवत पिवळं पडून बसायला लागतं, वाटा मोकळ्या दिसतात, जमिनीत अजून थोडी ओल धरलेली असते आणि टायरला पकड मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेकड्या सर्वांत देखण्या असतात हे खरं, पण कमरेइतक्या गवतात लपलेला धोंडा नवख्याला दिसत नाही आणि सापही दिसत नाही.

मार्चनंतर मुरूम सर्वांत मोकळा होतो. एप्रिल-मे महिन्यांत वाटेवर नुसती धूळ आणि खडे. जायचंच असेल तर उजाडताच सुरुवात आणि नऊच्या आत खाली. या दिवसांत वाळलेल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते, म्हणून सिगारेट, शेगडी, काहीही पेटतं वर न्यायचं नाही.

पावसाळ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ओल्या मातीच्या वाटेवर चाक गेलं की सलग चाकोरी उमटते. पुढच्या सरीचं पाणी त्या चाकोरीतून वाहतं, ती खोल करतं आणि दोनतीन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होतो. पावलांचे ठसे तुटक असतात, त्यातून पाणी असं धावत नाही. त्यामुळे नियम साधा आहे: चिखल टायरला चिकटून वर येत असेल तर मागे फिरायचं. टेकडीखालच्या शेताडीत काळी माती असेल तर ती तसंही पुढे जाऊ देत नाही, चाक आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मध्ये भरून चाकच अडवते. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला असताना जो गाइड सकाळी मातीच्या वाटेवर ग्रुप नेतो, त्याच्याकडे जाऊ नका. कातळाचा माथा किंवा डांबरी घाट असा पर्याय तो सुचवत असेल, किंवा सरळ तारीख बदलत असेल, तर माणूस बरा.

वाट कोणती घ्यायची

परदेशी ट्रेल पार्कांमध्ये वाटांना हिरवा, निळा, काळा अशी रंगांची खूण असते: हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. आपल्या टेकड्यांवर अशा पाट्या नाहीत. तेव्हा गाइडकडून वाटेचं वर्णन मागून घ्यायचं: एकूण चढ किती, सर्वांत तीव्र उतार किती लांब, कुठे उतरून चालावं लागतं, परतीची जवळची वाट कुठून फुटते.

पहिल्या राइडला वेताळ टेकडीचा माथा उत्तम. खाणीभोवतीच्या सपाटीवर सराव होतो, छोटे चढउतार मिळतात, दमल्यावर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्याने लॉ कॉलेजकडे किंवा पाषाणच्या बाजूला पंचवटीकडे उतरून घर गाठता येतं. सुट्टीच्या सकाळी मात्र तिथे फिरायला येणाऱ्यांची रीघ असते. शक्य असेल तर मधला वार धरा.

लांब, पण फार अवघड नसलेलं हवं असेल तर कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून भिवरी-बोपगावच्या बाजूचे माळ. उघडे, वाऱ्याचे, शेतांमधून बैलगाडीच्या रस्त्याने जाणारे. वर कानिफनाथाचं देऊळ दिसत राहतं, त्यामुळे दिशा चुकत नाही. इथे सावली जवळजवळ नाही, पाणी जास्त घ्यायचं.

बावधन-सूसची टेकाडं आणि घोरावडेश्वर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. मुळशीच्या वाटा सुंदर आहेत, पण भातखाचरांच्या बांधांवरून जातात. गावातल्या लोकांशी ओळख असलेला गाइड असेल तरच जायचं, आणि बांधावर चाक घालायचं नाही.

दोन ठिकाणी नवख्याने अजिबात जाऊ नये. एक, कात्रज ते सिंहगड ही डोंगरधार. ट्रेकर मंडळी रात्री चालतात म्हणून ती सोपी वाटते, पण डझनभराहून जास्त टेकाडं आहेत आणि उतारांवर निव्वळ घसारा. दुसरी, सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट. ती चालणाऱ्यांची आहे, आबालवृद्धांनी भरलेली असते, तिथे वरून सायकल आणणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

गाइड कसा पारखायचा

फोनवर पहिल्या पाच मिनिटांतच बरंच कळतं. चांगला गाइड आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. शेवटची सायकल कधी चालवली? सलग किती वेळ? गुडघा, पाठ, मनगट, दमा, रक्तदाब, काही चालू औषधं? उंची किती, म्हणजे सायकलचं माप ठरवता येईल. स्वतःची आणणार की भाड्याची? "किती जण आहात" आणि "पेमेंट कसं करताय" एवढंच विचारणारा असेल तर नमस्कार करून फोन ठेवावा.

मग तुमची पाळी. मी हे एवढं तरी विचारतो:

– एका गाइडमागे किती जण? नवख्यांसाठी पाच-सहाच्या वर नको, आणि ग्रुपच्या शेवटी दुसरा जाणकार माणूस हवाच.
– प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाकडे आणि कधी घेतलं?
– कुणी पडलं तर त्या वाटेवरून गाडीपर्यंत कसं नेणार? इथे उत्तर अडखळलं तर समजा की विचार झालेला नाही.
– या वाटेवर सायकल न्यायला परवानगी कुणाची लागते, आणि ती आहे का?
– विमा आहे का, आणि त्यात नेमकं काय येतं?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. संस्था पैसे घेऊन राइड नेत असेल तर नोंदणीबद्दल विचारायला संकोच करू नका. तुम्हाला सही करायला एखादा फॉर्म देतील, तो वाचून सही करा. जबाबदारी नाकारणारा कागद सगळेच देतात, पण त्यात आजारांची माहिती आणि घरच्यांचा नंबर विचारलेला आहे की नाही ते बघा.

शेवटी एक प्रश्न जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: "एखाद्या ठिकाणी मला उतरून चालावंसं वाटलं तर?" "काही होत नाही हो, सगळे करतात" असं उत्तर आलं तर तो माणूस तुम्हाला पाडणार. "मीच सांगेन कुठे उतरायचं ते, आणि तुम्हाला वाटलं तर कुठेही उतरा" असं म्हणाला तर निर्धास्त जा.

सायकल

पहिल्या राइडसाठी सायकल विकत घेऊ नका. पुढे शॉक असलेली, मागे नसलेली, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची साधी हार्डटेल भाड्याने घ्या. मागेही सस्पेन्शन असलेली महागडी सायकल नवख्याला काही शिकू देत नाही, सगळे धक्के तीच खाऊन टाकते. गिअरची सायकल म्हणून ऑफिसला नेता ती हायब्रिड चालणार नाही. टायर अरुंद आणि ब्रेक अपुरे.

सायकल हातात आल्यावर स्वतः तपासा. पुढचा ब्रेक दाबून हॅंडल पुढेमागे हलवा, कटकट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हॅंडलखालचं बेअरिंग, ढिला आहे. दोन्ही चाकं उचलून फिरवा, डिस्क घासते का ऐका. चाक पक्कं धरणारी क्विक रिलीज किंवा अ‍ॅक्सल घट्ट आहे ना पाहा. आणि एक गोष्ट ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे? काही सायकलींत उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या. घाबरल्यावर हात सवयीप्रमाणेच दाबतो, म्हणून तुमच्या स्वतःच्या सायकलपेक्षा उलटं असेल तर गाइडला सांगून बदलून घ्या किंवा दुसरी सायकल मागा.

टायरमधली हवा हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फरक. दुकानातून सायकल येते तेव्हा टायर दगडासारखे कडक असतात. अशा टायरला मुरुमावर पकडच मिळत नाही. २.१ ते २.३ इंची टायर आणि ७० किलोच्या आसपास वजन असेल तर ट्यूब असताना साधारण २८ ते ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं), ट्यूबलेस असेल तर २२ ते २६. पुढच्या टायरमध्ये मागच्यापेक्षा एक-दोन कमी. ट्यूब असताना याहून खाली गेलात तर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते. पुण्याच्या टेकड्यांवर बाभळीचे काटे जागोजागी पडलेले असतात, त्यामुळे सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरलेले ट्यूबलेस टायर मिळाले तर जरूर घ्या.

शॉकवर तो बंद करणारी लॉकआउटची कळ असते, ती उघडी आहे ना बघा. हवेचा शॉक असेल तर त्यावरचं रबरी कडं खाली सरकवून सायकलवर नीट बसा, उतरा, आणि कडं किती वर गेलं ते मोजा. १०० मिलीमीटरच्या शॉकला २० ते २५ मिलीमीटर दबलं पाहिजे. पेडल साधे, रुंद, खिळ्यांचे. बूट अडकवायचे क्लिप पेडल पहिल्या वर्षी नकोत. पाय पटकन जमिनीला टेकता यायला हवा.

अंगावर आणि पाठीवर

हेल्मेट स्वतःचं असावं. डोक्याची मागची बाजूही झाकणारं, आतल्या लेबलवर ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) या सुरक्षा मानकाची खूण असलेलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजा. भाड्याचं हेल्मेट घेताना हाच धोका असतो. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड, डोळ्यांवर पारदर्शक किंवा फिकट चष्मा. पुण्यात बाभळीच्या फांद्या नेमक्या चेहऱ्याच्या उंचीवर येतात, म्हणून चष्मा.

पाणी थंडीत दोन लिटर, फेब्रुवारीनंतर तीन. सोबत ओआरएसची पुडी. खायला चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, केळं. तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे, भूक लागायची वाट बघायची नाही. गाइडकडे दुरुस्तीचं सामान असतंच, पण तुमच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब तुमच्याच पाठीवर हवी. नेहमीची औषधं, आणि रक्तगट व घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद वरच्या खिशात.

सकाळी: आधी सपाटीवर

चांगली राइड लगेच सुरू होत नाही. पहिला अर्धा-पाऊण तास एखाद्या मोकळ्या जागेत जायला हवा, आणि गाइडने तो नाही दिला तर मागून घ्या.

पहिली गोष्ट उभं राहणं. मातीच्या वाटेवर सीट ही चढासाठी असते. उतारावर आणि दगडांवर पेडलवर उभं राहायचं. दोन्ही पेडल आडवे एका पातळीत, टाचा थोड्या खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर, कंबर सीटच्या किंचित मागे, हनुवटी हॅंडलच्या वर. वजन पायांवर, हात हलके. हात ताठ झाले की प्रत्येक दगड खांद्यापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट ब्रेक. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, तर्जनी. बाकीच्या बोटांनी हॅंडल धरायचं. पुढच्या ब्रेकला नवखे घाबरतात आणि फक्त मागचा दाबतात. मग मागचं चाक घसरत जातं, सायकल थांबत नाही आणि वाटही उकरली जाते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, फक्त तो हळूहळू आवळायचा. सपाटीवर एक रेघ आखून तिच्यापाशी चाक न घसरता थांबण्याचा सराव पुन्हा पुन्हा करा. हे हाताला कळलं की निम्मी भीती जाते.

तिसरी गोष्ट नजर. आपण जिकडे बघतो तिकडे सायकल जाते. दगडावर नजर खिळली की चाक त्याच दगडावर. दगड पाहायचा, टाळायचा ठरवायचा आणि नजर पुढच्या मोकळ्या जागेवर न्यायची.

चढ

यात फार गूढ काही नाही. चढ लागण्याआधी गिअर हलका करा. चढाच्या मध्यावर जोर लावून गिअर टाकलात तर साखळी तुटू शकते. सीटच्या टोकावर सरका, छाती खाली, कोपरं आत. पुढचं चाक उचललं जात असेल तर अजून वाका, मागचं घसरत असेल तर थोडं मागे बसा. उभं राहून पेडल मारू नका, मुरुमावर मागच्या चाकाची पकड लगेच सुटते. दम लागला तर उतरून ढकला, आणि ढकलताना वाटेच्या कडेने, मागच्यांना जागा देऊन.

उतार

इथे गाइडचा खरा कस लागतो. वारज्याच्या टेकडीवर एका उताराच्या वळणापाशी पाहिलेली गोष्ट सांगतो. वळण तीव्र, बाहेरच्या अंगाला उतरण, आतल्या अंगाला मुरुमाचा थर. गाइडने सगळ्यांना वरच थांबवलं, सायकली आडव्या घालायला लावल्या आणि चालत वळणावर नेलं. बुटाने मुरूम बाजूला सारून खालची कडक जमीन दाखवली. जेमतेम हातभर रुंदीचा पट्टा होता, वळणाच्या बाहेरून आत येणारा. मग पळसाचं एक मोठं पान उचलून वळणाच्या तोंडाशी ठेवलं आणि त्यावर खडा. "इथपर्यंत ब्रेक. पानापाशी सोडायचा. वळणात ब्रेक नाही."

ग्रुपमध्ये पन्नाशीच्या एक बाई होत्या. पहिल्या खेपेला त्या पानापाशी थांबल्या, दुसऱ्या खेपेलाही. गाइड वळणाच्या खाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, पानाकडे नका बघू आता. माझ्या बुटांकडे बघा." तिसऱ्या खेपेला त्या सरळ खाली आल्या आणि लगेच सायकल ढकलत पुन्हा वर निघाल्या.

शिकवणं असं असतं, आणि उताराचं सगळं शास्त्र त्यात आलं. अवघड जागा आधी पायी पाहायची. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात चाकांना मोकळं फिरू द्यायचं. वळणात सायकल आत झुकवायची, अंग सरळ ठेवायचं, बाहेरच्या पायावर वजन. नजर बाहेर पडायच्या जागेवर. एकच जागा दोनतीनदा करायची. सगळी वाट एकदा घाईने उतरण्यापेक्षा एक वळण नीट जमवणं जास्त उपयोगाचं.

सलग लांब उतारावर हाताची बोटं भरून येतात. बोटं बधिर व्हायच्या आत थांबायला सांगा. बहुतेक जण ग्रुपला थांबवायला लाजतात आणि थकलेल्या हातांनी शेवटच्या उतारावर पडतात. पुढच्या सायकलपासून नवख्याने दहा-बारा सायकलींच्या लांबीइतकं अंतर ठेवावं. धुळीत पुढचं काही दिसत नाही आणि पुढचा थांबला तर तुम्हाला जागा उरत नाही.

टेकडी आपल्या एकट्याची नाही

पुण्याच्या टेकड्या आज हिरव्या दिसतात त्यामागे वर्षानुवर्षं राबलेली माणसं आहेत. वनखात्याने आणि स्थानिक मंडळींनी उतारांवर समतल चर खणले, झाडं लावली, आणि कितीतरी ज्येष्ठ नागरिक आजही उन्हाळ्यात घरून पाण्याचा कॅन घेऊन वर जातात आणि रोपांना घालतात. त्या चरांवरून उडी मारायला मजा येते म्हणून चाक घालणारे पाहिले की जीव तुटतो. चराचा काठ ढासळला की पाणी अडत नाही, खालचं रोप मरतं. चरात आणि आळ्यात चाक जाता कामा नये, वाट सोडून आडवं जायचं नाही.

चालणाऱ्याला पहिला मान. समोरून किंवा पुढे माणूस दिसला की वेग चालण्याइतका, घंटी एकदाच आणि लांबून, मग "काका, डावीकडून येतोय" एवढं म्हणून पुढे. ज्येष्ठ माणूस दचकला तर थांबून बोला. चढणाऱ्या सायकलस्वाराला उतरणाऱ्याने वाट द्यायची. गुरं असतील तर उतरून चाला आणि गुराख्याला विचारून पुढे व्हा. अरुंद वाटेवर मोठ्याने गाणी लावलेला स्पीकर नको; मोरही पळतात आणि मागून येणाऱ्याचा आवाजही कळत नाही. सायकलवाल्यांबद्दल तक्रारी वाढल्या की पहिला उपाय म्हणून फाटकं बंद होतात, म्हणून एकाच्या वागण्याची किंमत सगळ्यांना पडते.

काही झालंच तर

पडल्यावर लगेच उठू नका आणि दुसऱ्याला उठवू नका. मान, पाठ, डोकं ठीक आहे का, हातपाय हलतात का, हे पडल्या जागी पाहायचं. डोक्याला मार लागला आणि थोड्या वेळाने मळमळ, गोंधळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, झोप येणं असं दिसलं, तर राइड तिथेच संपली, थेट दवाखाना. हात पुढे टेकून पडल्यावर मनगट आणि कॉलर बोन हमखास दुखावतात. खांदा उतरल्यासारखा वाटला तर हात ओढणीने किंवा जर्सीने छातीशी बांधून खाली चालत जा.

रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. फोन लागल्यावर "वेताळ टेकडीवर आहोत" पुरत नाही. खाणीच्या कोणत्या बाजूला, गाडी कोणत्या फाटकापर्यंत येईल, हे सांगावं लागतं. माहितगार गाइड राइड सुरू करतानाच या जागा सगळ्यांना दाखवतो.

फुरसे, घोणस, नाग हे साप या भागात आहेत. दगड उचलून बघू नका, गवतात बसण्याआधी जागा काठीने चाचपा. दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. माणसाला निवांत ठेवा, दंशाचा अवयव न हलवता धरा, अंगठी-घड्याळ काढा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. कड्याकपारीला आग्या माश्यांची पोळी असतात; अत्तर, डिओ लावून जाऊ नका. कात्रज आणि मुळशीच्या बाजूला बिबट्यांचा वावर आहे, तिन्हीसांजेनंतर तिथे राहू नका.

राइडनंतर

सायकल धुताना पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या आणि क्रॅंकच्या मधोमध मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघतं. साखळी पुसून कोरडी करून तेलाचे थेंब. टायर हाताने चाचपून काटे काढा. काटा आत राहिला तर पुढच्या राइडला घरातच पंक्चर सापडतं.

गाइडला एक गोष्ट आवर्जून विचारा: "मी कुठे कच्चा आहे?" उत्तर नेमकं हवं: वळणात ब्रेक धरून ठेवता, किंवा डावीकडचं वळण घेताना नजर खाली जाते. पुढच्या खेपेला त्याच गाइडसोबत त्याच वाटेवर जा. नवी वाट घेतली की आपण सुधारलो की वाट सोपी होती हे कळत नाही.

गाइडशिवाय जायची घाई करू नका. तुमच्या नेहमीच्या वाटेवरचं प्रत्येक वळण चाक न घसरता घेता येतं, पंक्चर स्वतः काढता येतं, तुटलेली साखळी क्विक लिंकने (हाताने बसणाऱ्या जोडकडीने) जोडता येते आणि वाटेत कुठूनही जवळच्या डांबरी रस्त्याला उतरता येतं, एवढं जमलं की जा. तेव्हाही एकटे नको, किमान तिघं असावेत: एक पडला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणायला खाली उतरतो.